व्हाइटनरखालची हौसा

मी एक जुना अर्ज आहे, मित्रांनो. १९९९ साली एका किरकिऱ्या प्रिंटरमधून मी बाहेर पडलो. आता पिवळा पडलोय, घड्यांवर फाटलोय, पण माझा राग अजून ताजा आहे. माझ्या पोटावर व्हाइटनर फासलं गेलं, ते मी कसं विसरू?

माझा जन्म नवीन पनवेलच्या कृष्णकांत सरांच्या टायपिंग क्लासमधला. सरांनी जुनी मशीनं काढून दोन कॉम्प्युटर बसवले होते आणि दारावर 'इंटरनेट' अशी पाटी लावली होती. माणूस वाईट नव्हता हो! पण सगळ्या कॉलनीचे नोकरीचे अर्ज आणि लग्नाचे बायोडाटा तेच भरून द्यायचे. त्यामुळे कागद दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा.

रोशनी उरणच्या कोळीवाड्यातली. कॉलेजसाठी खांदा कॉलनीत मावशीकडे राहायची. बोलताना ती अडखळायची. शब्द ओठांवर येऊन थांबला की समोरचा माणूस तो तिच्याआधी बोलून मोकळा व्हायचा. दुकानदार तेच करायचा, मास्तर तेच करायचे, मावशीसुद्धा तेच करायची. शेवटी पोरगी गप्पच राहायला लागली.

मग सरांच्या कॉम्प्युटरवर तिला एक खेळ सापडला. पुण्याच्या अरुंधतीबाई तो ईमेलवर चालवायच्या. त्या लिहायच्या, 'तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात.' मग गावोगावचे खेळाडू आपापलं पात्र काय करतं, काय बोलतं, ते लिहून पाठवायचे. बेत जमला की फसला, हे बाई फासे टाकून ठरवायच्या. या खेळात रोशनीचं वाक्य मध्येच कुणी तोडू शकणार नव्हतं. जागा एकच उरली होती आणि शनिवारपर्यंत पात्र तयार करून पाठवायचं होतं.

टेलिफोनची लाइन सारखी तुटायची, म्हणून तिने बाईंनी पाठवलेला पात्राचा कोरा अर्ज, म्हणजे मला, छापून घेतलं आणि पेनाने भरलं. नाव : हौसा. काम : खाडीत होडी चालवते. ताकद, हुशारी आणि धाडस यांत वीस गुण वाटायचे होते. त्यातले बारा तिने धाडसाला देऊन टाकले. 'दोष' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग तिने लिहिलं, 'अडखळत बोलते. पण बोलते.' खरं सांगतो, माझी छाती फुगली.

टाइप करायला सरांनी मला हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, अर्जात कुणी स्वतःचे दोष लिहितं का? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"सर, ती ह... ह..."

"हुशार आहे, माहितेय मला!"

तिला 'हौसा अशीच आहे' म्हणायचं होतं हो! पण ऐकतो कोण? सरांनी व्हाइटनर फासलं, वर फुंकर मारली आणि लिहिलं, 'दोष : काही नाही'. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी हौसापुढे रोशनीच्या वडिलांचं पूर्ण नाव घातलं आणि खाली 'गृहकृत्यदक्ष' हेही जोडलं! राक्षसांशी लढायला निघालेली बाई ती, तिला गृहकृत्यदक्ष कशाला करायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कागदाला कोण विचारतो? त्यांनी ते तसंच टाइप करून पाठवलं.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. 'ज्या पात्रात एकही दोष नाही, ते आम्ही घेत नाही. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्ती पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.'

सरांचा अर्ज आजवर कधी परत आला नव्हता. ते गडबडले. "थांब, 'अति प्रामाणिक' असं लिहू. मुलाखतीत हेच सांगतात."

रोशनीने मला त्यांच्या हातातून ओढलंच. ती नखाने व्हाइटनर खरवडू लागली. मला दुखलं, मित्रांनो, पण ते दुखणं गोड होतं.

"सर, तुमी थ... थांबा. मना ब... ब..."

सरांनी तोंड उघडलं.

तिने हात वर केला. सरांनी तोंड मिटलं.

"मना बोलू द्या. हौसा अशीच हाय. त... तिला झाकू नका."

सर मुकाट्याने खुर्चीत बसले आणि माझ्यावर तिने जसं लिहिलं होतं तसं टाइप करून पाठवलं.

हौसाला जागा मिळाली. पहिल्याच डावात किल्ल्याच्या पहारेकऱ्याने नाव विचारलं. रोशनीने मुद्दाम लिहिलं, 'मी ह... ह...' आणि तेवढंच पाठवलं. दुसऱ्या दिवशी सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. नाशिकच्या एका खेळाडूचं उत्तर आलं होतं, 'माझं पात्र थांबतं. तिचं बोलणं होऊ दे.' त्याखाली आणखी तिघांनी लिहिलं होतं, 'आम्हीही थांबतो.'

ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, ते थांबले. रोज समोर बसणाऱ्यांना मात्र दम निघत नव्हता! सरांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर रोशनी काउंटरवर आली की ते दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे, तिचं वाक्य संपेपर्यंत.

माझ्या पोटावर व्हाइटनरची खपली अजून आहे. ती मी मुद्दाम दाखवतो. मित्रांनो, कुणी अडखळलं तर त्याच्या तोंडातला शब्द काढून घेऊ नका. वेळ लागेल, लागू दे. तो शब्द त्याचा आहे.