इंचाला पाच घरं

मित्रांनो, मधाच्या प्रत्येक थेंबामागे षट्कोनाचा महिमा आहे, आणि तो षट्कोन घडवणारा मी! सध्या मी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून असतो.

मी एक जुना पितळी साचा आहे. माझ्या दोन पानांत मेणाचा पत्रा दाबला की त्यावर मधमाश्यांच्या घरांचे ठसे उठतात. माश्या त्यावर भिंती चढवतात. त्यांचे कष्ट वाचतात, मध वाढतो. विलायतेत जन्मून मी बोटीनं इकडे आलो. १९५४ साली बोरिवलीच्या विद्याधर मास्तरांनी मला जुन्या बाजारातून घरी आणलं. मास्तर गणिताचे, नुकतेच निवृत्त झालेले. मुलगी क्षमा सासरी. परसात जांभळाखाली सातेरी माश्यांची एकच पेटी, आणि मास्तरांच्या दिवसभर गप्पा तिच्याशी.

"बघ, एक रेघ वाकडी नाही!" मला दाखवत ते बायकोला म्हणाले.

"माश्यांना विचारलंत का?" वनमालाबाई म्हणाल्या.

विचारलं नव्हतं. माझ्यात पत्रे दाबून थेट पेटीच्या चौकटींत लावले. माझी घरं विलायती माशीच्या मापाची, इंचाला पाच. आपली सातेरी लहान चणीची, तिची इंचाला सहा. घर मोठं दिसलं की राणी त्यात नराचं अंडं घालते. महिना-दीड महिन्यात पेटीत नरच नर. हे फुलावर जात नाहीत, मध आणत नाहीत. आयतं खातात.

वनमालाबाईंनी पेटीत डोकावून पाहिलं. "अहो, हे तर सगळे जावईच जमलेत!"

"हळू बोल. क्षमाचा नवरा ओटीवर बसलाय."

साठा संपला, आणि एका सकाळी सगळ्या माश्या पेटी सोडून गेल्या. मास्तर तीन दिवस रिकाम्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. चहासुद्धा तिथेच. मी त्यांच्या मांडीवर. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यावर फूटपट्टी ठेवली.

"तुझी चूक नाही रे," ते मला म्हणाले. "मोजायचं राहिलं ते माझं."

पुढच्या माघात पेटीत नवं मोहोळ आलं. मास्तरांनी चौकटींना मेणाची नुसती बोटभर पट्टी लावली. बाकीची घरं माश्यांनी आपल्या मापानं बांधली. चैत्रात मध गाळला. मास्तर बोट चाटून "झकास!" म्हणाले, आणि पुन्हा पेटीशी बोलायला गेले. माझ्याशी नंतर कोणी बोललं नाही. खिडकीतून गुणगुण तेवढी ऐकू येते. माझ्या घरांत राहून गेले ते फक्त जावई.

तेव्हा मित्रांनो, कोणाला घर द्याल तर आधी राहणाऱ्याचं माप घ्या. एवढं जमलं नाही, तर निदान लोणचं काढल्यावर हात पुसून मला उचला. तेल एकदा माझ्या घरांत शिरलं की जाता जात नाही.