ऑर्व्हिलची पाणसळ

ऑर्व्हिल स्टेन्सरूड संशयी होता आणि ते त्याला स्वतःलाही मान्य होतं. एकतीस वर्षं तो चर्चच्या दफनभूमीची देखभाल करत होता. थडग्यावरची फुलं खरी की कागदी, हेही तो चिमटीत धरून बघायचा. त्यामुळे सतरा वर्षांची मॅरन हाउगलंड स्काउटच्या गणवेशात आली आणि टेकडीवर चढायला लाकडी पायऱ्या बांधून देते म्हणाली, तेव्हा त्याने सगळ्यात आधी विचारलं, "यात तुझं काय?"

"ईगल," ती म्हणाली.

स्काउटांमधला सगळ्यात वरचा हुद्दा. त्यासाठी गावाच्या उपयोगाचं एक काम पुरं करायचं आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांची सही घ्यायची, तीही अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत. मॅरनला रविवारी अठरा पूर्ण होणार होती, आणि सही ऑर्व्हिलची हवी होती.

सोमवारी काम सुरू झालं. लहान स्काउट घामाघूम होऊन खणत होते, जाड ओंडके ओढत होते, आणि ही बाईसाहेब वही घेऊन नुसती उभी. ऑर्व्हिलचं डोकं फिरलं. स्काउटमास्तरांनी त्याला समजावलं की नियमच तसा आहे, ईगलच्या कामात स्वतः राबून दाखवायचं नसतं, दुसऱ्यांकडून नीट करवून घ्यायचं असतं.

"आमच्या बिशपसारखं," ऑर्व्हिल म्हणाला.

बुधवारी सकाळी त्याच्या शेडमधली पाणसळ उलटी टांगलेली दिसली. सपाटी जोखायची ही लाकडी पाणसळ त्याच्या वडिलांची. तिची बुडबुड्याची काच नेहमी डावीकडे असायची, ती उजवीकडे होती. गुरुवारी पुन्हा तेच. शिवाय संध्याकाळी त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या वाकड्या पायऱ्या सकाळी सरळ झालेल्या. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. मॅरनचा बाप घरं बांधायचे ठेके घ्यायचा. बाप गुपचूप येऊन काम उरकतो, तेही आपल्याच पाणसळीने, आणि लेक हुद्दा मिळवते. सही गेली खड्ड्यात, असं त्याने बायकोला, आर्डिसला, जेवताना सांगून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने शेडला कुलूप ठोकलं आणि लुंड कुटुंबाच्या मोठ्या थडग्यामागे दबा धरून बसला. जूनमधला लांबलचक दिवस, सगळं लख्ख दिसत होतं.

सातच्या सुमारास मॅरन सायकलवरून एकटीच आली. तिने कुलूप ओढून पाहिलं. मग शेवटच्या पायरीपाशी जाऊन पाण्याची अर्धी भरलेली बाटली तिने ओंडक्यावर आडवी ठेवली आणि आतलं पाणी कुठे कलतंय ते बघितलं. पहारीने ओंडका उचकटला, खालची माती काढली, पुन्हा बसवला. पाणी अजूनही एका बाजूलाच.

ऑर्व्हिल पुढे आला. "रोज तूच येतेस?"

ती दचकली, पण पळाली नाही. "ही पायरी आमच्यातल्या छोट्या ऑटोने बसवली. अकरा वर्षांचा आहे. दोन तास खपला बिचारा. त्याच्यासमोर उखडली असती तर तो पुन्हा आला नसता."

"आणि हे तास वहीत लिहिलेस?"

"कशाला? हे मी एकटीने केलं, ते कामात धरत नाहीत." मग तिने पहार खाली ठेवली. "मिस्टर स्टेन्सरूड, तुमची पाणसळ मी न विचारता घेतली. आमच्या नियमांतला पहिलाच शब्द विश्वासू आहे. तुम्हाला सही करायची नसेल, तर नका करू."

ऑर्व्हिलला स्वतःचीच लाज वाटली. एवढी लाज त्याला कैक वर्षांत वाटली नव्हती. त्याने खिशातून किल्ली काढली, पाणसळ आणली आणि गुडघे कुरकुरत असतानाही स्वतःच पायरीवर धरून बसला.

"डावीकडे आणखी माती घाल, पोरी," तो म्हणाला.

शनिवारी सगळे जमले. मॅरन सहीचा कागद घेऊन उभी होती. ऑटो मात्र आपल्या पायरीवर उड्या मारून बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठी पडली होती.

"ही काल वाकडी होती," तो म्हणाला. "कुणी हात लावला हिला?"

मॅरन जमिनीकडे बघू लागली. ऑर्व्हिलने तिच्या हातातला कागद घेतला आणि खिशातलं पेन काढलं.

"काल संध्याकाळी मी इथेच पहाऱ्याला बसलो होतो," तो म्हणाला. "कुणीही फिरकलं नाही."

ऑर्व्हिल स्वतः पहाऱ्याला होता म्हटल्यावर कुणालाच शंका उरली नाही. म्हणजे पायरी आपणच सरळ बसवली होती, असं समजून ऑटो खूश होऊन लिंबूसरबत प्यायला पळाला, आणि ऑर्व्हिलने कागदावर सही केली.