पांढरा हातमोजा

पाळणाघरात मुलांना सांभाळणाऱ्या ताईने थर्माकोलच्या डब्याचं झाकण उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

आत एक छोटा दिवा होता आणि त्याच्या उबेत जंतू वाढावेत म्हणून ठेवलेल्या जेलीच्या बश्या. एरवी जंतू दिसत नाहीत म्हणून मुलांना हात धुवायचा कंटाळा येतो, असा तिचा हिशेब. ते दिसावेत म्हणून तिने मुलांची बोटं जेलीवर टेकवून घेतली होती. एका बशीत धुण्याआधीची, दुसऱ्या बशीत धुतल्यावरची. तिसरी बशी स्वयंपाकाच्या मावशींच्या बोटांची होती, आणि तिचं कारण वेगळं होतं. मुलांना जुलाब लागले होते. मुंगी नावाने सगळ्यांना ठाऊक असलेली इवलीशी पोर तर दवाखान्यात सलाइनवर होती. पालकांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, आणि पाळणाघराच्या बाईंनी मावशींना सांगून टाकलं होतं, आजचा शेवटचा दिवस.

न धुतलेल्या बोटांच्या बशीत पिवळे-पांढरे ठिपके दाटले होते. धुतलेल्या बोटांच्या बशीत तुरळक. मावशींची बशी जवळजवळ कोरी.

चौथी बशी ढोलूच्या हट्टाची. "ताई, मोज्याची पण परीक्षा घे ना! तोच पहिला येणार!" असं म्हणत त्याने हातमोजा घातलेला पंजा जेलीवर थापला होता. तिथे आता जेली दिसतच नव्हती. पाच बोटं आणि तळवा, सगळं राखाडी सायीखाली बुडालं होतं.

ताईने त्या बशीचं पारदर्शक झाकण घट्ट दाबलं.

मोजा तिचीच कल्पना. हात धुऊन मुलं जेवायला रांगेत उभी राहिली, की रोज एकजण 'फौजदार' व्हायचा. पांढरा मोजा चढवून तो प्रत्येकाचे तळवे दाबून बघायचा, नखांखाली बोट फिरवायचा आणि "पास!" म्हणून ओरडायचा. फौजदारकीसाठी पोरं कोपरापर्यंत साबण चोळायची. मोजा नाजूक कापडाचा, धुतला तर आटेल, म्हणून ताई संध्याकाळी त्यावर खडूची भुकटी घासून ठेवायची. सकाळी तो बगळ्यासारखा दिसायचा.

हात धुऊन झाल्यावर आणि घास तोंडात जाण्याआधी, सगळ्यांच्या हातांना लागणारी वस्तू एकच होती.

जेलीवर उगवलं ते जुलाबाचंच, असं ती छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. पण धाकट्यांच्या खोलीत तेच जेवण जात होतं, बाईही तेच जेवत होत्या, आणि त्यांच्यापैकी कुणालाच काही झालं नव्हतं. त्यांच्या हातांची मोज्याने तपासणी होत नसे. शिवाय पहिली फौजदार मुंगी. त्या दिवशी तिची आई दारात म्हणाली होती, "पोट जरा बिघडलंय हो हिचं, पण आज मोजा तिचा आहे म्हणून ऐकतच नाही."

ताई बशी घेऊन धावली. बाईंनी झाकणातून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"ई! हे काय आहे?"

"आपला मोजा."

बाईंनी उठून दार लोटलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बाहेर बोलू नकोस गं. स्वच्छता शिकवता शिकवता आम्हीच पोरांना आजारी पाडलं, असं सांगायचं लोकांना? कुलूप लागेल इथे."

"आणि मावशी?"

"त्यांना मिळेल दुसरीकडे काम."

"असा बोल लागून गेल्यावर? कोण ठेवेल त्यांना?"

फाटकाशी दोन-तीन मुलांच्या आया उभ्या होत्या. ताई सरळ तिकडे गेली. बशी उचलून तिने सगळं सांगितलं, खडूच्या भुकटीसकट. एकीने तोंडाला पदर लावला.

"तू शिकलेली ना गं?" दुसरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता धक्का होता. तो जास्त झोंबला.

मुंगीच्या आईला ताईने तिथूनच फोन लावला. पलीकडून आवाज आला, "थांबा. डॉक्टरांना सांगते."

स्वयंपाकघरात मावशी आपली सुरी फडक्यात गुंडाळत होत्या. बाई तिथे आल्या, घसा खाकरला. "मावशी, राहू द्या आता. चूक आमची होती."

"तुमची चूक, आणि जीव माझा टांगणीला?" मावशींनी फडकं सोडलं. "सरका. बटाटे तसेच पडलेत."

तेवढ्यात मुलं हात धुऊन रांगेत आली. ओले पंजे पुढे. "ताई, मोजा कुठे? आज मी फौजदार!" ढोलू नाचत होता.

"मोजा नापास झाला," ताई म्हणाली.

"नापास?" ढोलूचा चेहरा पांढराफटक पडला. "पण तो तर सगळ्यात पांढरा होता!"

सवयीने ताईचा हात त्याच्या तळव्याकडे गेला.

"ए पोरी," स्वयंपाकघरातून मावशी ओरडल्या, "डोळ्यांनी बघ. हात लावू नकोस."

ताईने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वाकून बघायला सुरुवात केली.