चवीचा रकाना

"पातेलं विसळून घेतलंस ना गं आधी?"

काकडीच्या चकत्या करता करता मोठ्या मावशीनं सहज विचारलं. उत्तराकडे तिचं फारसं लक्षही नव्हतं.

"विसळायचं कशाला?" बदलीवर आलेली बाई सूप ढवळत म्हणाली. "पाणी भरलेलंच होतं की त्यात. चांगलं स्वच्छ. म्हटलं, तुम्हीच भरून ठेवलं असणार. गॅस लावला नि घेवड्याचे दाणे सोडले."

मावशीच्या हातातली सुरी काकडीत तशीच राहिली.

शाळेच्या या स्वयंपाकघरात एक रीत होती आणि ती मावशीनंच घालून दिलेली. शुक्रवारी मुलं गेली की सुपाच्या मोठ्या पातेल्यात भांडी घासायचा सोडा टाकून ते पाण्यानं भरून ठेवायचं. दोन दिवस भिजलं की तळाला धरलेलं सगळं सुटतं. सोमवारी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे ते पाणी ओतायचं आणि पातेलं तीनदा विसळायचं. हे काम धाकटीचं. धाकटी म्हणजे मावशीची मदतनीस. वय चाळिशीचं, पण मावशीपुढे धाकटी, म्हणून सगळी शाळा तिला तेच म्हणायची. आज धाकटीच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ऑफिसनं एका दिवसापुरती ही बाई पाठवली होती. मावशी सकाळपासून तपासणीच्या कागदांत बुडालेली, पातेल्याकडे बघायला तिला फुरसतच झाली नाही. आणि सोडा एकदा विरघळला की पाणी पाण्यासारखंच दिसतं.

"काय झालं हो?"

"काही नाही. तू ट्रे लाव."

मावशी पातेल्यापाशी गेली. दाणे अगदी मऊ झाले होते, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधीच. सोड्यानं दाणे लवकर शिजतात. सुपातला मटारही हिरवागार दिसत होता. सोड्यानं तोही हिरवा राहतो. तिनं थेंबभर रस बोटांत चोळून पाहिला, तर बुळबुळीत लागला. पण घेवड्याचा रस बुळबुळीतच असतो. शेवटी तिनं चमचाभर सूप तोंडात घेतलं. गरम लागलं. बाकी काहीच नाही.

बाकी काही लागणारही नव्हतं. सात महिन्यांपूर्वी ती आठ दिवस तापानं पडली होती. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते मात्र सांगता येत नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही. घरी प्रश्न नव्हता. नवरा ताटात पडेल ते निमूट खाऊन ढेकर देणारा. पण इथे नियम असा, की मुलांना वाढण्याआधी मुख्य स्वयंपाकिणीनं प्रत्येक पदार्थ चाखायचा, वहीतल्या 'चव' या रकान्यात काय ते लिहायचं आणि सही करायची. सात महिने ती तिथे 'चांगली' लिहीत आली होती.

तिचं निभावलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे पोषणाचे नवे नियम. मीठ माणशी इतके ग्रॅम, तेल इतकं, साखर जवळजवळ नाहीच, आणि रोज दोन पर्याय, त्यातला एक ज्याचा त्यानं निवडायचा. शिक्षकांनी नाकं मुरडली, मुलांनी तोंडं वाकडी केली, मावशी मात्र मनातून हरखली. सव्वीस वर्षं चिमटीनं मीठ टाकणारी बाई काट्यावर मीठ तोलू लागली, तेव्हा लोक म्हणाले, बघा, मावशीसुद्धा सुधारली! दुसरी गोष्ट म्हणजे धाकटी. रोज तिच्यापुढे चमचा धरून मावशी विचारायची, "सांग बरं, आज काय कमी आहे?" मावशी आपल्याला तयार करतेय, असंच धाकटीला वाटत असणार. परीक्षेला बसल्यासारखी ती डोळे मिटायची, विचार करायची आणि मग सांगायची.

मावशीनं धाकटीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. भिंतीवरच्या घड्याळात जेवणाच्या घंटेला पंधरा मिनिटं होती.

"अगं," आवाज होता होईल तो साधा ठेवत ती बदलीच्या बाईला म्हणाली, "जरा चाखून बघ गं. तुझ्या जिभेला कसं लागतं ते."

"नको बाई. ऑफिसात बजावलंय, बदलीवालीनं कशाला तोंड लावायचं नाही. त्यात आज तपासणी!"

आणि तेवढ्यात तपासनीस साहेब आलेच. सकाळपासून ते कोठारात पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत बसले होते. माणूस मवाळ, पण कागदाला पक्का.

"वा, दाणे छान शिजलेत," ते पातेल्यात डोकावून म्हणाले. "चला मावशी, चाखा आणि सही करा. तुमच्याखाली मी करतो."

धाकटीनं शुक्रवारी सोडा घातलाच नसेल, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. पण धाकटी नऊ वर्षांत एकदाही चुकली नव्हती. पहिलीत एक मुलगी होती, पुढचे दात पडलेली. पाव चावत नाही म्हणून ती रोज सूपच घ्यायची आणि वाटी वर धरून "मोठी मावशी, भरपूर!" म्हणायची. मावशीला ती वाटी दिसू लागली.

"साहेब, हे सूप नको वाढायला. ओतून देऊ या. आज सगळ्यांना दुसरा पर्यायच, अंडं आणि पाव."

"असं कसं? पर्याय दोन पाहिजेत. आणि तीनशे अंडी आहेत का?"

"दीडशे आहेत. अर्धं अर्धं देऊ."

"म्हणजे मुलांना अर्धपोटी ठेवायचं. आणि कारण काय लिहू?"

"पातेल्यात भांड्यांचा सोडा राहिला असेल."

"असेल म्हणजे? चाखून बघा की! सोडा असला तर जीभ लगेच सांगेल."

त्यांनीच चमचा तिच्या हातात दिला. बाहेर व्हरांड्यात रांग लागत होती, ढकलाढकलीचा आवाज येत होता. 'चांगलंय' एवढंच म्हणायचं होतं. सात महिने तेच तर लिहिलं होतं. मावशीनं चमचा कट्ट्यावर ठेवला.

"मला चव कळत नाही, साहेब," ती म्हणाली. "सात महिने झाले. वासही येत नाही."

बदलीच्या बाईच्या हातातले ट्रे हातातच राहिले. साहेबांनी मावशीकडे पाहिलं, मग वही उघडून पानं मागे उलटली. चांगली, चांगली, चांगली. पानं संपेनात.

"अहो मावशी..." त्यांनी वही मिटली. मग त्यांनी दुसरा चमचा घेतला, टोकावर जरासं सूप घेऊन जिभेला लावलं आणि थांबले. पुन्हा थोडं घेतलं. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"चांगलंय," ते म्हणाले. "सोडाबिडा काही नाही. मीठ जरा कमी वाटतं, पण ते आमच्याच नियमानं."

"नक्की ना? पाया पडते, पुन्हा एकदा बघा."

"नक्की, मावशी."

"मी तर सातलाच गॅस लावला होता," बदलीची बाई पुटपुटली. "म्हटलं, दाणे शिजायला वेळ लागतो."

घंटा झाली. मावशीनं सूप वाढलं, पण पहिली दहाबारा मुलं घोट घेईपर्यंत तिची नजर त्यांच्या तोंडांवरून हलली नाही. दात पडलेल्या मुलीनं दोनदा घेतलं.

सगळं आवरल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "मला हे लिहावं लागेल. मुख्य स्वयंपाकिणीला चव कळायलाच हवी. काढणार नाहीत तुम्हाला. चिरायच्या, वाढायच्या कामावर ठेवतील."

"लिहा. तुमचं बरोबर आहे."

तीन वाजता धाकटीचा फोन आला.

"ऑपरेशन छान झालं, मावशी. इस्पितळात फोन बंद ठेवायला लावला होता. एक सांगायचं राहिलंच बघा. शुक्रवारी निघताना मी सोड्याचं पाणी ओतून टाकलं होतं. पातेलं धुऊन साधं पाणी भरून ठेवलं होतं."

"का गं? सोमवारी विसळतोच ना आपण?"

"आज मी नव्हते ना." धाकटी घुटमळली. "गडबडीत कुणाचं विसळायचं राहिलं असतं, तर तुम्हाला कळलं नसतं."

मावशी खुर्चीवर बसली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"थंडीपासून. सूप खाली लागलं होतं एकदा. व्हरांड्यापर्यंत करपल्याचा वास, आणि तुम्ही त्यावर वाकून म्हणालात, मस्त झालंय."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही रोज विचारायचात ना, काय कमी आहे म्हणून? मी सांगत होतेच की."

फोन सकाळी लागला असता तर काही बोलावंच लागलं नसतं, हे मावशीच्या मनात आलं. तिला रडू फुटलं आणि तिनं ते फुटू दिलं.

"उद्या तुझा चष्मा घेऊन ये," जरा वेळानं मावशी म्हणाली. "वही तुला भरायची आहे."

फोन ठेवून तिनं वही पुढे ओढली. आजच्या तारखेपुढचा चवीचा रकाना अजून रिकामाच होता. तिनं सावकाश लिहिलं, 'साहेबांना चांगली लागली. मला कळली नाही.' खाली पूर्ण सही केली. मग पेनाला टोपण लावून ते वहीतच ठेवलं, म्हणजे उद्या धाकटीला शोधावं लागणार नाही.