डॉमिंगो मास्तरांनी गाळलेला शब्द

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला फणसाच्या लाकडाचा फळा तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो मीच. धोंडू सुताराने मला १९५८ साली देवगडच्या खाडीकाठच्या या शाळेसाठी केलं. दर शनिवारी मुलं कोळशाची पूड आणि पाल्याचा रस लावून मला काळं करत. माझा फार थाट होता तेव्हा.

इंग्रजी शिकवायला डॉमिंगो मास्तर होते आणि गणिताला गुरुदास मास्तर. दोघे जिवलग. गुरुदास मास्तरांची मुलगी विमला आठवीच्या वर्गात होती.

एके दिवशी डॉमिंगो मास्तरांनी माझ्यावर नवा शब्द लिहिला, 'इन्स्टेड'.

"इन्स्टेड म्हणजे त्याऐवजी," ते म्हणाले. "बांगडा मिळाला नाही, तारली आणली, तर तारलीच्या वाक्यात शेवटी इन्स्टेड. पण बांगड्याचं नाव त्याच वाक्यात घ्यायचं असेल, तर इन्स्टेडपुढे 'ऑफ' लावा आणि मग बांगडा."

वर्ग हसला. मुलांना शब्द पक्का समजला.

आश्विनात परीक्षेचे पेपर आणायला डॉमिंगो मास्तरांना होडीने पलीकडे जायचं होतं. सकाळी ते वर्गात आले तेच तापाने फणफणलेले. गुरुदास मास्तरांनी त्यांना माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं.

"तुमी घराक जावन पडा. तुमच्या बदलाक मी जातंय."

दुपारी अवेळी वारा सुटला. खाडीच्या मुखाशी होडी उलटली. गुरुदास मास्तर परत आले नाहीत.

त्यानंतर डॉमिंगो मास्तर शिकवायचे, पण विमलेकडे बघायचे नाहीत. गुरुदास मास्तरांच्या घरावरून जाणारी वाटही त्यांनी सोडली. लांबच्या पाणंदीने यायचे.

वर्षअखेर उजळणी सुरू झाली. जुने शब्द एकेक करून माझ्यावर उतरले. इन्स्टेड आला नाही.

"सर, एक शब्द राहिला," विमला म्हणाली.

"तो सोडूया, बाय."

विमला उठली. तिने खडू घेतला आणि माझ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'सर गेले नाहीत. माझे बाबा गेले.' दुसऱ्या वाक्याच्या शेवटी तिने तो शब्द बरोबर जागी लिहिला. खडू इतका दाबला होता की मला ओरखडा पडला.

मास्तरांनी ते वाचलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

"सर," विमला हळूच म्हणाली, "तुमी तेंका धाडूक नाय. ते आपल्या मनान गेले. आवशीन बोलवल्यान हा तुमका."

आईचा हा निरोप ऐकून शाळा सुटल्यावर मास्तर तिच्यामागून निघाले. मला अर्थात जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी विमलाने मैत्रिणीला सांगितलं ते मी ऐकलं. मास्तर दाराबाहेर मान खाली घालून उभे राहिले होते. तिची आई राधाबाई बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "इतके दिवस तुमी खंय होतास, मास्तर? बसा, जेवान थंड जाता." मास्तर तिथेच ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पुढे भिंतीत सिमेंटचा फळा आला आणि मला इथे आणून ठेवलं. माझ्या कडांना वाळवी लागली आहे. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, तुम्हाला विनवणी वेगळीच आहे. कुणी तुमच्या जागी गेला आणि परतला नाही, तर त्याच्या घरची वाट टाळू नका. तिथे तुमच्यासाठी पान वाढलेलं असतं.