सेनापतीचं रक्त

नाटक कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणत. कपडेपट तिच्याकडे होता म्हणून, आणि थोडं जिभेमुळेही. सेनापतीचं काम करणारा नट एकेकाळी तिचा नवरा होता. नायिकेचा हात धरून तो निघून गेला, नायिकेने सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी परत आला आणि मालकांनी त्याला ठेवून घेतलं. चांगला खलनायक काही रोज मिळत नाही.

नाटक जुनं, शोकांतिका. सेनापती दगा देऊन राजाचा खून करतो आणि शेवटच्या अंकात राणी त्याच्या छातीत खंजीर खुपसते. त्या रक्तासाठी लाल रंगाची छोटी पिशवी अंगरख्याच्या आतून टाचावी लागे, तीही अंगरखा अंगात चढवल्यावर. आधी टाचली तर घसरून पोटाशी यायची, आणि पोटातून रक्त आलं की लोक हसायचे. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी तो मुकाट्याने हात वर करून उभा राही. टाचणी आत हात घाली, सुई टोचू नये म्हणून तळवा त्याच्या छातीवर धरी आणि टाके घाली. तळव्याखाली त्याचं काळीज धडधडत असे. तेवढ्यासाठी ती दिवसभर वाट बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

तिला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता. चुकलो. तो काही त्याच्या तोंडून निघत नव्हता. आणि हाच गडी दर प्रयोगाला राणीपुढे गुडघे टेकून, घसा फोडून क्षमा मागत होता, वर टाळ्या घेत होता. विंगेतून ते ऐकणं म्हणजे जखमेवर मीठ.

एका संध्याकाळी तिने टाके घातले, पण पिशवी लावलीच नाही. मर म्हणावं कोरडा. चारचौघांत हसं झालं की कळेल.

खंजीर लागला. सेनापतीने छातीवर हात नेला आणि कोरडा तळवा पाहिला. मग विंगेत, थेट तिच्याकडे पाहिलं. पाठ केलेलं भाषण सोडून तो हळूच म्हणाला, "रक्तसुद्धा उरलं नाही माझ्यात. असंच मरायला हवं मला."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

पडदा पडताच दिग्दर्शक धावत आला. "काय सुचलं रे तुला! आता पिशवी बंद. रोज असंच मरायचं."

सेनापतीने तिचं नाव घेतलं नाही. टाचणी "बरं" म्हणाली आणि कपडे गोळा करायला लागली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सूड तिने घेतला होता आणि शिक्षाही तिच्याच वाट्याला आली होती. आता त्याच्या छातीला हात लावायचं कारणच उरलं नव्हतं.

पुढच्या प्रयोगाला तिने अंगरखा त्याच्या अंगात चढवला, बंद बांधले आणि ती मागे सरली. त्याने हात वर केले.

"पिशवी बंद झाली," ती म्हणाली.

"माहीत आहे."

हात तसेच वर. बाहेर दुसरी घंटा झाली.

"चुकलो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता.

टाचणीने सुईत दोरा ओवला.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि तिने हात आत घातला.