बारा वाजताची बादली

२००१ सालच्या फेब्रुवारीतील त्या रविवारी दौंडच्या धर्मादाय दवाखान्यात माझे पाय हाच धड्याचा विषय होता. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा घेऊन मी आधी इतरत्र आणि मग कुरकुंभच्या एका औषधी कारखान्यात सतरा वर्षे मेन्टेनन्सची कामे केली. सगळे मला मिस्त्रीच म्हणत. गेले चार महिने मात्र मी रजेवर होतो, कारण काठीशिवाय पाऊल पडत नव्हते. मला मधुमेह नव्हता, दारू नव्हती. कारणच सापडत नव्हते. मज्जातंतूंचे डॉक्टर नाईकनवरे महिन्यातून एकदा पुण्याहून येत, त्या दिवशी ते सहा विद्यार्थी घेऊन आले. मला मोटारसायकलवरून आणणारा माझा मुलगा विनोद दाराशी उभा होता. तोही त्याच कारखान्यात, माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला तीनच्या शिफ्टला जायचे होते.

विद्यार्थी भिंतीला टेकून घड्याळ पाहत होते. त्यांतली निमोण्याची हर्षदा स्पष्टच म्हणाली, "सर, या विषयात रोगाचं नाव कळतं, पेशंट काही बरा होत नाही. म्हणून कुणी घेत नाही."

"इथं तर नावही कळलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आज पुस्तक बंद. हे मिस्त्री आणि तुमचे हात." त्यांनी आपटल्यावर थरथरणारा दोन दातांचा ट्यूनिंग फोर्क तिच्याकडे दिला.

तिने तो तळहातावर आपटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "डोळे मिटा, आबा. थरथर थांबली की सांगा."

"सुरूच कुठं झालीय?"

मुले हसली. घोट्यावरही काही जाणवले नाही. गुडघ्यावर किंचित जाणवले, हनुवटीवर मात्र स्पष्ट.

"लांबच्या लाईनचं प्रेशर आधी पडतं," मी म्हणालो.

"लिहून घ्या," डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले. भिंतीशी टेकलेले आता खाटेभोवती आले होते.

हर्षदाने माझे पांढरे, भेगाळलेले हात उलटेपालटे करून पाहिले. "शिफ्टमध्ये हे हात काय काय करतात? सांगू नका, करून दाखवा."

मी क्रमाने दाखवले. पाना फिरवणे, पंपाचे गास्केट बदलणे, ग्रीस भरणे. मग बारा वाजता, जेवणाआधी, पिंपाचा कॉक उघडणे.

"आप्पा, चुकलं," विनोद दारातून म्हणाला. "आदी बादली, मग कॉक. न्हाईतर सांडतंय. तुम्हीच शिकवलंय की!" आणि त्याने हवेतल्या बादलीत हात चोळून दाखवले.

"बादलीत काय असतं?" हर्षदाने विचारले.

"हेक्झेन, पेट्रोलसारखं. ग्रीस दोन मिनिटांत साफ. नवीन पोरगं आलं की आप्पा पयल्या दिवशीच सांगत्यात, साबण नवरदेवाला, मिस्त्रीला बादली."

डॉक्टर स्टुलावर बसले. हेक्झेन कातडीतून आणि श्वासातून शिरते, मज्जातंतू जाळते, सर्वांत लांबचा आधी, असे त्यांनी सावकाश सांगितले. बंद केल्यावरही काही महिने त्रास वाढतच जातो.

मी म्हणालो, "विनोदला बघा."

"मला काय झालंय? धडधाकट हाय. चप्पल तेवढी सैल झालीया. पायातनं कवा निसटती, कळत न्हाई."

हर्षदा जमिनीवर बसली. फोर्क आपटून तिने त्याच्या अंगठ्यावर टेकवला. विनोदने डोळे मिटले.

"थांबलं," तो लगेच म्हणाला.

तिने तोच फोर्क उचलून माझ्या हनुवटीला लावला. तो चांगलाच थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा." तिने तीनदा केले. विनोद तिन्ही वेळा चुकला.

भिंतीवरचे घड्याळ बारा वाजून पाच मिनिटे दाखवत होते. मी कंपाउंडरच्या टेबलावरून कारखान्यात फोन लावला. जयसिंगने उचलला. शिफ्टचा सुपरवायझर, माझ्याच तालमीतला.

"जयसिंग, बादली लाथाड."

"काय मिस्त्री, चेष्टा करताय व्हय! पोरं हात धुवाय गेलीती. अर्ध्या तासानं करा की."

"अरे, ऐक..."

फोन बंद झाला होता. हर्षदा रिसीव्हर हातात घेऊन पुन्हा नंबर फिरवत होती. तिने तो माझ्याकडून केव्हा घेतला, हे माझ्या बोटांना कळले नव्हते.